पंपापाशी गेलेली माणसं

"जिथे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, तिथे म्हणे भुयार. खणा, खणा. उंदरांची तरी सोय होईल."

ओव्हरसियर हे नकाशाला सांगत होता. पण नगरपालिकेतली अध्यक्षांची खोली एवढीशी, की नकाशाला सांगितलेलं अध्यक्षांच्या कानावर पडल्याशिवाय राहायचं नाही. टेबलापलीकडे टाचणीताई पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या.

"मला बोलताय की कागदाला?"

"कागदालाच, ताई. तो उलट उत्तर देत नाही."

टाचणीताईंचं अर्धं आयुष्य लोकांचे कपडे शिवण्यात गेलं होतं. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा विरोधकांनी त्यांना हिणवायला हे नाव भिंतीभिंतींवर रंगवलं. लोकांना ते इतकं आवडलं, की बाई त्याच नावावर निवडून आल्या आणि रंगाचा खर्च विरोधकांच्या माथी गेला.

राज्य सरकारच्या पत्रासोबत तो नकाशा आला होता. पालिकेने इतकी वर्षं अर्जामागून अर्ज करून जे मागितलं ते एकदाचं मंजूर झालं होतं: महामार्गाखालून माणसांना ये-जा करायला भुयारी मार्ग. एका गावाला एकच, आणि तोही सरकारच्या पैशाने. फक्त नकाशावरचा लाल गोल पडला होता पेट्रोल पंपापाशी. वस्ती संपते, दुकानं संपतात, नुसतं गवत उरतं, तिथे.

"हे म्हणजे पाठीवर खिसा शिवून दिल्यासारखं झालं," ताई म्हणाल्या. "खिसा आहे, पण हात काही पोचत नाही."

"उद्या मोठे साहेब येतायत पाहणीला. तुमच्या संमतीची सही मिळाली की काम सुरू."

"आणि नाही दिली तर?"

"तर पुढचं गाव टपूनच बसलंय, ताई. निधी तिकडे वळेल. मग आपला नंबर कधी लागायचा ते मला विचारू नका, मी तोवर पेन्शनीत असेन."

महामार्गाने गावाचे सरळ दोन तुकडे केले होते. घरं अलीकडे, शाळा, दवाखाना आणि बसथांबा पलीकडे. मधे कंबरेएवढा दुभाजक. पंपापाशी पांढरे पट्टे आखले होते आणि 'येथून ओलांडा' अशी पाटीही होती. पण दवाखाना समोर दिसत असताना तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन तिकडे वळसा कोण घालणार? लोकांनी शाळेसमोरचा दुभाजकाचा एक ठोकळा सरकवला. रस्तेवाल्यांनी तो जागेवर आणला. लोकांनी पुन्हा सरकवला. हा खेळ इतका रंगला की शेवटी रस्तेवालेच कंटाळले. त्या जागेचं नाव पडलं 'फट'. गाव फटीतून शाळेत जायचं, फटीतून बाळंतपणाला जायचं, आणि अधूनमधून फटीतच मरायचं.

पण फटीत मेलेला फटीत मेला असं म्हणायची पद्धत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. अगदी पहिल्या वेळी एका वयस्कर हवालदाराने, मनापासून कळवळून, घरच्यांना बाजूला घेतलं होतं. "हे बघा, फटीतून चालला होता असं लिहिलं तर चूक त्याचीच ठरेल. ट्रकवाला मिशीवर ताव देत घरी जाईल आणि तुमच्या माणसाला उद्या पेपरात बेशिस्त म्हणतील. त्यापेक्षा पंपापाशी लिहितो. पट्ट्यांवरून चालला होता, सावकाश." घरच्यांनी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. पुढे हवालदार निवृत्त झाला, पण रीत राहिली. कोणीही गेलं की घरचे, शेजारी, चहावाला, सगळे एका सुरात पंप सांगायचे. कोणी ठरवून दिलं नव्हतं, कोणाला शिकवावंही लागलं नाही. गेलेल्याची अब्रू सांभाळायची, एवढंच.

त्यामुळे सरकारदरबारी तो बिचारा पंप म्हणजे काळाचा जबडा होऊन बसला होता. आणि फटीत? फटीत आजवर कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

टाचणीताईंचा धाकटा दीरही पंपापाशीच गेला होता.

त्या संध्याकाळी ताई घरी आल्या तेव्हा धाकटी जाऊ मोरीपाशी हात घासत बसली होती. नवऱ्यामागे त्याचं पंक्चरचं दुकान तीच चालवत होती, रस्त्यापलीकडे, शाळेला लागून. टायरचं काळं काही केल्या नखांतून निघायचं नाही.

"ताई, तो साहेब उद्या येतोय म्हणे."

"येतोय."

"विचारेल, फटीत कोण गेलं म्हणून."

"विचारणारच."

"मग?"

"मग काय? जे तुझं आहे ते तुझ्या परवानगीशिवाय मी चव्हाट्यावर मांडणार नाही. तेव्हाच शब्द दिलाय तुला."

जाऊ हात घासत राहिली. आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि त्यांना कमी ऐकू येतं हा फक्त त्यांच्या सोयीचा भाग होता.

"काय कुजबुज चाललीय गं तिथे दोघींची?"

"काही नाही आई, भुयाराचं."

"माझा धाकटा असता ना, तर भुयार लागलंच नसतं. सगळ्या गावाला पट्ट्यांवरून नेलं असतं त्याने. शिस्तीचा होता. गेला तोसुद्धा पांढऱ्या पट्ट्यांवरून गेला."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटा असा होता, की घराचं दार सताड उघडं असताना खिडकीतून उडी मारून आत यायचा, का तर तेवढीच दोन पावलं वाचली. पण गेल्यापासून आईच्या तोंडी तो दिवसेंदिवस शहाणा होत चालला होता, आणि त्या शहाणपणावर म्हातारीचे दिवस चालले होते. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

"माझी पोरगीपण जाईल आता पंपावरून शाळेत," जाऊ पुटपुटली. "वळसा घालून, रोज. बापासारखीच शिस्तीची आहे ना ती." आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तिने असं भिरकावलं, की ताईंच्या पायांवर उडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटीपाशी सगळी पालिका गोळा झाली. इस्त्रीचे कपडे घालून, कडेच्या धुळीत उभी. सासूबाईंनाही यायचं होतं. सून अध्यक्षा आहे आणि साहेबासमोर बोलणार आहे, ते बघायला नको? त्यांच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून खुर्ची आणून सावलीत ठेवली.

साहेब राजधानीतून आले होते. डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मऊ. माणूस वाईट नव्हता, आणि तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

"इथेच का हवं आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

हार्डवेअरवाले उपाध्यक्ष पुढे सरसावले. "साहेब, जनभावना आहे. विद्यार्थ्यांची सोय, रुग्णांची सोय, दळणवळणाच्या दृष्टीने..."

"भावना मला कळतात. पण निधी अपघातांवर मिळतो. वर बसलेले लोक एवढंच विचारतात, माणसं मरतात कुठे? आमच्याकडे सगळी मरतात ती पंपापाशी. इथे एकही नाही." ते टाचणीताईंकडे वळले. "मॅडम, मला खरंच मदत करायची आहे. मला इथला एक माणूस सांगा. एकच. मी तपासायला लावतो आणि जागा बदलून देतो."

एक टँकर धडधडत गेला. सगळ्यांचे शर्ट फुगले आणि पुन्हा अंगाला चिकटले. उपाध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांचे वडील रोज सकाळी फटीतून पलीकडे पेपर आणायला जायचे. तेही पंपापाशीच गेले होते. ओव्हरसियरने पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"इथे माणसं मरतात," ताई म्हणाल्या.

"कोण, मॅडम?"

ताईंची नजर सावलीतल्या खुर्चीवर गेली. सासूबाई कौतुकाने मान हलवत होत्या. ऐकू येवो न येवो, सून चांगलं बोलत असणारच.

"ते मला नाही सांगता येणार."

"मग माझाही नाइलाज आहे." साहेबांनी पेन पुढे केलं. "पंपापाशीची संमती तरी द्या. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"सही करणार नाही मी."

"ताई!" उपाध्यक्ष जवळजवळ किंचाळले. "हातचं घालवू नका. मिळतंय ते पदरात पाडून घ्या, पुढचं पुढे."

"पदरात काय पाडून घ्यायचं? गवताखालचं भोक? त्यातून कोण जाणार, तुम्ही जाणार?" ताईंचा आवाज चढला. तोंडात टाचण्या धरलेली बाई कशी बोलते हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी असा आवाज कधी ऐकला नव्हता. "एक सांगा, तुमच्या वडिलांचं पंपावर काय काम होतं हो? गाडी नव्हती, घोडा नव्हता. पेट्रोल पीत होते का?"

"वडिलांना मधे आणू नका, ताई."

"बरं, नाही आणत." त्या साहेबांकडे वळल्या. "लिहा साहेब. पालिकेची संमती नाही. तुमचा निधी पुढच्या गावाला द्या, आणि त्यांना तरी चालायच्या वाटेवर द्या. आम्ही परत मागू. नाकारलंत तर परत मागू. मी मेले तर माझ्या जागी येईल ती मागेल. पण माणसं इथून जाणार आणि कागद तिथून जाणार, असल्या कागदावर माझं नाव लागणार नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि नकाशाची घडी घातली. घडी घालताना माणूस किती निवांत दिसतो. जणू आता गाव, फट, भुयार, सगळं एका खिशात मावणार.

पलीकडे पंक्चरच्या दुकानात जाऊ मघापासून उभी होती. ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण घातलेली घडी तिला दिसली. हातातला पाना न ठेवताच ती रस्त्यावर उतरली.

"अहो बाई! थांबा!" साहेब ओरडले.

एक ट्रक येत होता. तिने पाना वर धरला, वाहतूक पोलिसाने दांडकं धरावं तसा, आणि थेट ट्रकच्या डोळ्याला डोळा भिडवून चालत राहिली. ब्रेक कर्कश वाजले. ड्रायव्हरने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती ठोकळ्यावर हात टेकून फटीतून आत वळली, उरलेला अर्धा रस्ता पळत आली आणि साहेबांसमोर धापा टाकत उभी राहिली. साहेबांचा चेहरा टोपीइतकाच पांढरा झाला होता.

"इथून काय येता? मरायचंय का?"

"मग कुठून येऊ? पंपावरून? तोवर तुम्ही थांबला असतात?"

ताईंनी तिचा दंड धरला. "अगं, आई बसल्यायत तिथे. नको. मी बघते काय ते."

"तुम्ही बघितलंत, ताई. तुम्ही शब्द पाळलात. आता सोडा मला."

तिने दंड सोडवून घेतला आणि आधी सावलीतल्या खुर्चीपाशी गेली. धुळीत गुडघे टेकून म्हातारीच्या कानाशी वाकली.

"आई, मी आता बोलणार आहे. तुम्हाला आवडायचं नाही."

"काय बोलणार आहेस?" सासूबाईंचा हात तिच्या काळ्या बोटांवर आला आणि घट्ट झाला. "काय गं?"

तिने तो हात काढून टाकला नाही. तशीच, हात हातात ठेवून उभी राहिली आणि साहेबांकडे तोंड करून, रस्त्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "घडी उघडा, साहेब, आणि लिहून घ्या. माझा नवरा इथे गेला. पंपापाशी नाही. पट्ट्यांवर त्याने जन्मात पाय ठेवला नव्हता. दुसऱ्याच्या सायकलची ट्यूब हातात होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून धावत फटीतून निघाला आणि त्या ठोकळ्यापाशी गेला. मी समोरून बघितलंय. चूक म्हणायची तर चूक म्हणा, पण इथे गेला तो. इथे."