डाव्या दातांची धार

ग्राइंडर टेबलावर चढून चार तास झाले होते आणि करवत अजून वाकडीच चालत होती. धाकटी अगदी टेकीला आली होती. चाक बदलून झालं, पकड आवळून झाली. डावीकडे तीस अंश, उजवीकडे तीस अंश, डोळ्यांत तेल घालून पाहून झालं. तरी अंगणातल्या ओंडक्यात पातं शिरलं, की सरळ उतरायचं सोडून उजवीकडे वळायचं, जणू तिकडून कुणी हाक मारली.

"तुझं यंत्र रुसलंय," आबा स्टुलावरून म्हणाले.

"रुसायला ते काय आपल्या घराण्यातलं आहे?"

धाकटीचा थोरला भाऊ, दादा, झाडं तोडायचा, आणि त्याच्या यांत्रिक करवतीच्या साखळ्यांना आबा धार लावायचे. कानशीने, दातामागून दात, पन्नास वर्षांचा सराव. हल्ली त्यांचा डावा हात थरथरायचा. गेल्या महिन्यात कानस निसटली, तळवा फाटला. ग्राइंडर आणायचा हट्ट धाकटीचाच. चाक ती चालवील, साखळी पुसून तेल देणं आबा करतील, म्हणजे शेडमधलं त्यांचं स्टूल हलणार नाही.

"संध्याकाळपर्यंत करवत सरळ चालली तर ठीक," दादाने बजावलं होतं. "नाही तर साखळ्या बाहेर धारेला. आबांनी घरात बसायचं."

तळवा भरून येईपर्यंत घरात बसलेले आबा तिने पाहिले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड.

तिने पाचव्यांदा साखळी पकडीत धरली. आधी सगळे डावे दात, मग पकड फिरवून सगळे उजवे. ठिणग्या उडाल्या. दात मापले, तर केसाचा फरक नाही. "घ्या, पुसा," म्हणत साखळी आबांना दिली आणि कपाळावर हात मारून बसली.

आबांनी पाठ फिरवली. बऱ्याच वेळाने साखळी परत आली, तेव्हा त्यांच्या मांडीवर चंदेरी भुगा चमकत होता. चाकाचा भुगा तर काळा पडतो. तिने दात पुन्हा मापले. डावे सगळे आखूड!

"आबा! कानस फिरवलीत?"

"मग? यंत्राने नुसता दात घासला. धार कुणी लावायची?"

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा."

"देवा! सकाळपासून मी इथे कोन मापत नाचतेय, आणि तुम्ही... बरं, फिरवलीत ती फिरवलीत, डाव्यांनाच का?"

आबांनी डावा हात हळूच मांडीखाली सरकवला. "उजव्या दातांना हा लागतो."

चडफडत तिने साखळी पुन्हा पकडीत घातली, उजवे दात घासून डाव्यांच्या मापाला आणले.

"एका दाताला कानस किती वेळा फिरवता?"

"दोनदा."

"नक्की?"

"तिसऱ्यांदा फिरवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

मग तिने, चाक दात किती घासेल ते ठरवणाऱ्या अडणीचा स्क्रू सैल केला. उजवे दात यंत्राने पुरे करायचे. डाव्यांना दोन फेऱ्यांपुरतं लोखंड ठेवायचं. तेवढ्यासाठी आणखी अर्धा तास, तीन शिव्या आणि एक नख गेलं.

"हं, फिरवा. दोनदाच! तिसऱ्यांदा फिरवलीत तर मीच साखळ्या बाहेर पाठवीन."

आबा पाठ न फिरवता बसले. तिने मोठ्याने मोजलं, एक, दोन, आणि प्रत्येक दाताला आबा करवादले, "मला येतं मोजायला."

दादा आला, करवत सुरू केली. पातं ओंडक्यातून सरळ खाली उतरलं. त्याने कापलेली चकती उलटसुलट पाहिली. "जमलं की यंत्र!"

"उद्यासाठी अजून सहा साखळ्या आहेत," धाकटी खेकसली. "आबा, सकाळी लवकर या."