पंगत कर्दळीच्या पानावर

आमच्या परसातली कर्दळ बघितली की लोक फोन काढून तिच्यापाशी उभे राहतात. मला मळमळतं. पुरुषभर उंचीची झाडं, रुंद रुंद पानं, लाल, पिवळी, ठिपक्यांची फुलं. आणि मी पदर नाकाला लावून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. बारामतीच्या कडेला बंगला बांधून आम्हाला चार वर्षं झाली. त्यातली दीड वर्षं ही खिडकी मी उघडलेली नाही.

बंगला बांधला तो काळ्या रानात. कालव्याच्या पट्ट्यातली जमीन, आधीच पाणी पिऊन तट्ट फुगलेली. तिच्यात आणखी काय मुरणार? संडासाच्या टाकीला जोडलेला शोषखड्डा दोन वर्षांत तुंबला आणि काळं पाणी परसात वर यायला लागलं. मी नवऱ्याला, म्हणजे विजयसिंहांना, सांगितलं की मैला उपसणारी गाडी बोलवा आणि खड्डा नव्यानं बांधून घ्या. त्यांना गाडीच नको होती. ती पुढच्या फाटकातून येणार, तिचा तो जाडजूड पाइप दिवाणखान्याच्या दारावरून जाणार आणि समोरच्या बंगल्यातले लोक गच्चीतून बघणार. ऊस वाहतुकीचे ठेकेदार, सोसायटीचे माजी संचालक, आणि यांच्या दारात घाणीची गाडी? घाण घरात राहिली तरी चालेल, गाडी दारात दिसता कामा नये. अशी आमची अब्रू.

त्याच सुमाराला आमच्या लेकीनं, प्रतिक्षानं, फोनवर बागांचे व्हिडिओ बघून परसाला ‘ट्रॉपिकल लुक’ द्यायचं मनावर घेतलं. भिंतीच्या कडेनं कर्दळीची दाटी, मागं पाम, पुढं पांढरे गोटे, मध्ये वेताच्या खुर्च्या. गोव्याच्या हॉटेलात बसल्यासारखं वाटेल म्हणाली. कर्दळ हा शब्द ऐकला आणि विजयसिंहांचे डोळे चमकले. आमचं गाव लोणी भापकर. तिथं प्रत्येक घराच्या मागं, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं, कर्दळ असायचीच. कर्दळ सगळं पाणी पिते, कितीही सोडा, हे ते लहानपणापासून बघत आलेले. मग काय, टाकीचं वर येणारं पाणी त्यांनी पाइप पुरून थेट कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. वरून माती, मातीवर पांढरे गोटे. मोठा शोध लावल्यासारखे मिशीवर हात फिरवत होते.

न्हाणीच्या पाण्यात साबण असतो, फार तर अंगाचा मळ असतो. त्या काळी गावात घरोघर संडास होते कुठं? माणसं डबा घेऊन रानात जायची. त्यामुळे कर्दळीनं काय प्यावं आणि काय नाही, याचा विचार करायची वेळच आमच्या गावावर कधी आली नव्हती. हे मी बोलून दाखवलं, तर शहाणपण शिकवू नको म्हणाले.

कर्दळ मात्र अशी माजली की बघत राहावं. माझ्या सासूबाई, कुशाबाई, आयुष्यभर देवाला कर्दळीचं फूल वाहत आल्या. पाइप पुरला त्या दिवसापासून त्यांनी मागच्या दाराला पाय लावला नाही. देवाला दुकानातला झेंडू यायला लागला.

मग शेळगावचं स्थळ आलं. स्थळ कसलं, प्रतिक्षानंच दोन वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं. मुलगा शंभूराज, तिच्याच कॉलेजातला, इंदापुरात ठिबकच्या सामानाचं दुकान चालवणारा. पोरगा गुणी होता. त्याचं नाव निघालं की पोरगी लाजून लाल व्हायची. हे जमलं नाही तर ती उभी मोडेल, हे आई म्हणून मला दिसत होतं. अडचण एकच, त्याची आई. द्वारकाबाईंचा शब्द घरात शेवटचा, आणि त्यांनी याआधी दोन मुली नाकारलेल्या. एकीच्या घरी पाण्याच्या तांब्याला आतून शेवाळ दिसलं म्हणून.

त्या बघायला आल्या. विजयसिंहांनी सकाळपासून उदबत्त्यांचे पुडे जाळले होते. द्वारकाबाई परसात गेल्या, कर्दळीच्या पानावरून हात फिरवला आणि एकदम मऊ झाल्या. त्यांच्या माहेरी सणासुदीला कर्दळीच्या पानावर जेवण असायचं म्हणे. हल्लीच्या कागदी पत्रावळ्यांचा त्यांना वीट आला होता. विजयसिंहांची छाती तिथल्या तिथं फुगली. साखरपुड्याची पंगत कर्दळीच्या पानावर, आणि पानं घरचीच, असा शब्द त्यांनी देऊन टाकला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते माझ्याकडं बघतच नव्हते.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून त्यांना धारेवर धरलं. ते पाणी कसलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना, असं विचारलं.

“पाणी मुळाला जातं, सारजे, पानाला न्हाय,” ते म्हणाले. “उसाला शेणखत घालतो आपण. म्हणून साखर बाटती व्हय?”

मी माझ्या भावाला फोन करून इंदापूरहून केळीची पानं मागवली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तो टेम्पोत घालून घेऊनही आला. विजयसिंहांनी ती फाटकातच उतरवून घेतली आणि शेजारच्या म्हशींपुढं टाकली. विहीणबाईंना दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणाले. शब्दाचे मोठे पक्के!

आमच्याकडं दोन दिवसांपासून पंधरा-वीस पाहुणे मुक्कामाला होते. इतक्या माणसांच्या इतक्या अंघोळी, इतक्या खेपा. टाकी काठोकाठ भरली आणि साखरपुड्याच्या सकाळी वाफ्यात घोट्याएवढं काळं पाणी उभं राहिलं. पांढरे गोटे त्यात बुडून दिसेनासे झाले. वर फेस होता, फेसावर माशा. पानं कापायला आचाऱ्यानं दोन बायका आणल्या होत्या. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? चिखल समजून त्या त्यात उभ्या राहिल्या आणि कापलेली पानं तिथंच, त्या पाण्यावर, एकावर एक टाकत गेल्या. मी मागच्या दारात पोचले तेव्हा साठ-सत्तर पानं कापून झाली होती आणि दोघी एकाच ओल्या फडक्यानं ती पुसत होत्या. एका पानाच्या मधल्या शिरेत काहीतरी पिवळट चिकटलेलं होतं. मी पुढचं बघितलं नाही. मोरीत जाऊन ओकले.

ती पानं मी नळाखाली धरून तीन-तीनदा धुतली. धुऊन वास जाईना. पानांना होता की माझ्या नाकात बसला होता, देव जाणे. हात कोपरापर्यंत चोळले तरी त्या हातानं कणीक मळावीशी वाटेना. सासूबाईंनी तेवढ्यात, आज आपला शुक्रवार असल्याचं जाहीर केलं. उभ्या जन्मात त्यांनी कधी शुक्रवार धरला नव्हता. स्वतःपुरती सुटका करून घेऊन त्या माळ ओढत बसल्या, तेव्हा मला त्यांचीही शिसारी आली.

शेवटी मी प्रतिक्षाला तिच्या खोलीत गाठलं. ती साडी नेसून आरशापुढं बसली होती, आणि दिसत होती लक्ष्मीसारखी. मला वाटलं, हिला पाइपाचं काही माहीत नसेल, मी सांगितलं की ही बापाशी भांडेल आणि आचाऱ्याची स्टीलची ताटं निघतील. मी सगळं सांगितलं. ती कानातलं घालत ऐकत राहिली. मग म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पाइप कुठून न्यायचा, ते पप्पांना तिनंच आखून दिलं होतं.

“एका जेवणानं कोणी मरत नाही, आई,” ती म्हणाली. “आजचा दिवस गप्प बस. माझ्यासाठी.”

बापाचा तो शब्द, बापाचाच तो सूर. मी नऊ महिने पोटात वाढवली, आणि निघाली कुणासारखी! मी खाली आले.

दुपारी मांडवात पंगत बसली. हिरव्यागार पानांच्या दोन रांगा, त्यावर पांढरा भात, पिवळं वरण, पुरणपोळी, कुरडई. दृष्ट लागावी अशी पंगत, आणि मला त्या प्रत्येक पानाखाली ते काळं पाणी दिसत होतं. आमच्याकडची रीत अशी की सगळं वाढून झालं की घरची मालकीण तूप वाढत जाते आणि शेवटच्या पानाला तूप पडलं की ‘सावकाश होऊ द्या’ म्हणते. ती म्हणेपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही. आणि दुसरी रीत अशी की वाढल्या पानावरून माणूस उठवायचा नाही. त्यासारखा अपमान नाही, त्यासारखं पाप नाही.

मी तूप वाढत गेले. साठ पानं. पहिल्या रांगेच्या मध्यावर द्वारकाबाई, त्यांच्या शेजारी मानाच्या पानावर प्रतिक्षा. मी तिच्या भातावर तूप घातलं, तेव्हा तिनं वर बघितलं. फक्त बघितलं. शेवटचं पान विजयसिंहांच्या चुलत्यांचं होतं. तूप पडलं, मांडवातली कुजबुज थांबली. साठ माणसं माझ्या एका शब्दासाठी हात गुडघ्यावर ठेवून बसली होती. लहान लेकरंसुद्धा.

ते तीन शब्द माझ्या तोंडाशी आले आणि त्यांच्या मागून सकाळची ओकारी आली.

“कुणी घास घेऊ नका,” मी म्हणाले. “ही पानं ज्या वाफ्यातली हायेत, त्यात आमच्या संडासाचं पाणी सोडलंय. सकाळी ती त्याच पाण्यात पडली व्हती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

विजयसिंह हसले. सकाळपासून हिला ताप आहे, काहीबाही बोलतेय, असं सगळ्यांना सांगू लागले. द्वारकाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या उठल्या, निऱ्या वर खोचल्या आणि घराला वळसा घालून मागं गेल्या. आम्ही सगळे होतो तिथंच. कुणी पानाकडं बघेना, कुणी एकमेकांकडं बघेना. त्या परत आल्या, तेव्हा पदर नाकाला होता. त्यांनी हंड्यातलं पाणी घेऊन पायावर ओतलं, हात धुतले, चूळ भरली, आणि मग विजयसिंहांना ओलांडून प्रतिक्षापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“बाप कसा का असंना, त्यो काय आमच्या घरात यायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “तू येणार हाईस. आमच्या चुलीपाशी तू बसणार. तुला ठावं व्हतं का हे?”

प्रतिक्षानं मान हलवली. नाही. डोळ्यांत टचकन पाणीही आणलं.

द्वारकाबाईंचं समाधान झालं नाही. त्या माझ्याकडं वळल्या. शंभूराज जागेवर उभा राहिला होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“तुमी सांगा, विहीणबाई. सोताच्या नवऱ्याची अब्रू न राखता तुमी खरं बोललात. तुमी सांगाल, त्ये मी मानते. हिला ठावं व्हतं?”

तुपाचं भांडं अजून माझ्या हातात होतं. प्रतिक्षा माझ्याकडं बघत होती. आता तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

“न्हाय,” मी म्हणाले. “तिला कायबी ठावं न्हवतं.”

द्वारकाबाईंनी सुस्कारा सोडला. मग त्यांनीच पुढाकार घेतला. पानं अन्नासकट पाटीत भरली गेली, आचाऱ्याची स्टीलची ताटं निघाली, भाताचं दुसरं पातेलं उघडलं, आणि माणसं पुन्हा बसली. या वेळी तूप त्यांनी वाढलं आणि ‘सावकाश होऊ द्या’ही त्यांनीच म्हटलं. जेवणानंतर प्रतिक्षाच्या तोंडात साखर घालताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की पोरगी बघून नव्हे, पोरीची आई बघून मी हा संबंध करते. शेळगावच्या बायका एकेक करून माझ्या पाया पडल्या. मी पाय मागं घेत राहिले. त्यांना वाटलं, विनय.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर मी मोरीत उभी राहून चुळा भरत होते. एक तांब्या झाला, दुसरा झाला. मी त्या पानावरचं शितही खाल्लं नव्हतं. तरी तोंड स्वच्छ होईना.

प्रतिक्षा मागून आली आणि तिनं मला मिठी मारली. अंगाला अत्तराचा वास येत होता. खांद्यावर हनुवटी टेकून ती हसली.

“पप्पांना उगाच नावं ठेवतेस,” ती म्हणाली. “त्यांना सुद्धा इतक्या सफाईनं जमलं नसतं.”

आणि ती हे अगदी मनापासून, कौतुकानं म्हणत होती.