डाव्या कडेवरचं वजन

चिखलदऱ्याच्या ट्रेकसाठी धम्मदीपनं मला हलक्या फ्रेमची सॅक आणली. यशू झाल्यापासून मी पहिल्यांदाच तिला सोडून जाणार होते, पण जावं की नाही, हे अजून ठरत नव्हतं. स्लीपिंग बॅग तळाशी आणि जड सामान पाठीलगत भरलं. सॅक पाठीवर घेतली, तर ती उजवीकडे कलली.

"सरळ उभी राह्य न वं," धम्मदीप म्हणाला.

"सरळच आहे मी."

"कायची सरळ!" सासूबाई हसल्या. "पोरीले कडेवर घेऊन घेऊन वाकडी झाली तू."

यशू कायम माझ्या डाव्या कडेवर असायची. आत्ता ती सासूबाईंच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. रडली नाही. मलाही रडू आलं नाही. मी डाव्या कप्प्यात पाण्याची भरलेली बाटली खोचली. सॅक सरळ झाली. मग कमरेचा पट्टा आवळला.

"जाते," मी म्हणाले.