किती भाकऱ्यांवर मुंबई?

मी एक जुनं फडकं आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! भांडी पुसायचं नव्हे, शिदोरीचं. मुरुम गावच्या विणकर सोसायटीच्या मागावर माझा जन्म झाला. गिरिजाबाईंनी मला उजेडाकडं धरून, ताणून, सूत तपासून मगच घेतलं. त्या बाईचा देवावरसुद्धा एकदम विश्वास बसत नसे.

मोठ्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या, तेव्हा त्यांची रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी मीच पोटाशी धरली. पुढं साऱ्या गावात माझं नाव झालं, कारण गिरिजाबाई अंतर भाकरीत मोजत. वाटेत जितक्या भाकऱ्या लागतील, तितकं गाव लांब. सोलापूर एका भाकरीवर, हैदराबाद दोन. लेक दोन भाकऱ्यांच्या पलीकडं द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. लेकीच्या अडचणीला आई वेळेवर पोचायला नको का?

मग त्यांच्या लेकीला, अयोध्येला, मुंबईचं स्थळ आलं. मुलगा बसवराज, रेल्वेच्या कारखान्यात कामाला. सोबत त्याचे मामा विरुपाक्ष.

"आक्का, मुंबई कुठं लांब राहिली आता?" मामा म्हणाले. "हैदराबाद ते मुंबई हवेतून सहाशेच्या वर किलोमीटर, पण विमान सव्वा तासात टेकतं!"

"सव्वा तासात माझी ओली लाकडं पेटत न्हाईत. विमान मुरुमच्या नाक्यावर थांबतं का?"

"न्हाय, हैदराबादला जावं लागतं."

गिरिजाबाईंनी मला मधोमध पसरलं आणि माझ्यावर भाकऱ्या ठेवत मोजायला लागल्या. "ह्या दोन भाकऱ्या हैदराबादपर्यंत. म्हंजे मुंबईकडं पाठ करून जायचं! तिथं बसवून किती ठेवतेत?"

"असेल तास-दोन तास."

"ही तिसरी. उतरल्यावर पोराची खोली किती लांब?"

मामांनी पान तोंडात घातलं.

"ही चौथी. सव्वा तास म्हणं!"

दाराआड अयोध्येचा चेहरा उतरला. मुलगा तिच्या मनात भरला होता.

बसवराज पुढं सरकला आणि त्यानं माझ्यावरच्या दोन भाकऱ्या उचलून बाजूला ठेवल्या. "मावशी, विमानात म्या बी कधी बसलो न्हाय. मामा फुगवून बोलले. सोलापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. दोन भाकऱ्या लागतात. गाडी चुकली तर तीन."

गिरिजाबाईंनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "चुकती का?"

"चुकती कधी कधी."

"मग पोरगी दिली. पण एकदा मी स्वतः मोजून येणार."

त्या गेल्या. दोनच लागल्या. तरी तिसरी बांधलेली होतीच.

आता घरात स्टीलचा डबा आलाय. मला तापला तवा उतरवायला वापरतात. अंगाला भोकं पडली. मित्रांनो, जुन्या फडक्याला धुऊन, घडी घालून ठेवत जा. आणि कुणी लांबचं जवळ करून सांगू लागला, तर दारापासून दारापर्यंत विचारा. गाडी चुकते असं जो कबूल करतो, त्याच्यावर भरवसा ठेवा. तोही बेतानं.