डाव्या हाताचा पितळी पंजा

आमच्या दुकानाला लोक वाफेचं दुकान म्हणतात. वाफ म्हणाल तर चहाच्या आधणाची तेवढी. बाकी सगळं पितळ आणि चामडं. हौशी माणसं असतात, त्यांना शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालायचे असतात, तेही असे की जणू तेव्हा वाफेवर विमानं उडत होती आणि माणसांना पितळी हात फुटत होते. त्याला ते स्टीमपंक म्हणतात. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही. मी त्यांना वाफवाले म्हणते, आणि ते राग मानत नाहीत. त्यांची जत्रा भरते, तिथे आमचे गॉगल, पट्टे, दंडावरची चिलखतं, दातेरी चाकं लावलेल्या टोप्या जातात. खोट्या यंत्राचं खरं काम, असं माझं म्हणणं.

आमचं म्हणजे माझं आणि धाकटीचं. धाकटी माझी जाऊ. माझे यजमान पितळेचे कारागीर, दिवे आणि दाबमापकं दुरुस्त करायचे. दीर चामड्याचे, घोड्यांची खोगिरं आणि पिशव्या करायचे. दोघे एकामागोमाग गेले आणि मागे दोन बायका, एक भट्टी आणि दोन बाकडी राहिली. मी पितळ धरलं, तिने चामडं धरलं. मी चौथी शिकलेली, ती सातवी. पण शाळेत पितळ वाकवायला कुठे शिकवतात?

आता धाकटी नाही. मेली नाही, तसलं काही मनात आणू नका. लेकीकडे गेली. "जाऊन येते" म्हणाली आणि चामडं कापायची रापी, आरी, मेणाचा दोरा सगळं फडक्यात बांधून गेली. जाऊन येणारा माणूस रापी नेत नाही. ते मला तेव्हाच कळलं, पण मी विचारलं नाही. चार महिने झाले.

कारण मी दिलं होतं. जत्रेत एक वाफवाली बाई म्हणाली, दोघींचं काम किती जुळतं हो. मी म्हटलं, "जुळवून घ्यावं लागतं. हिला डावं-उजवं कळत नाही. डावखुरी आहे, सगळं उलटं कापते. मी आहे म्हणून निभावतं." सगळे हसले. धाकटीही हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, लागलं नाही. आठव्या दिवशी फडकं बांधलं.

तर हे असं. माझी जीभ मला ठाऊक आहे. ती तोंडात राहते एवढंच, ऐकते माझं असं नाही. धाकटी परत यावी असं मला वाटत होतं, हे लिहायला काय लाजायचं? तोंडाने मात्र एका माणसाजवळ बोलले नव्हते. मुलगा-सून लांब राहतात. सून फोनवर गिऱ्हाइकांची चित्रं पाठवते. तिने विचारलं, "आई, काकू कधी येणार?" मी म्हटलं, "तिला रस्ता माहीत आहे."

पितळ ठोकायच्या आधी मी अजून म्हणते, "आवाज होतोय गं." धाकटीला एकदम ठोका ऐकू आला की छातीत धडधडतं, म्हणून ती सवय. रिकाम्या बाकड्याला सांगायचं आणि हातोडी घालायची. बाकड्याच्या छातीत काही धडधडत नाही.

अशात एक लेथवाला आला. कारखान्यात धातू कातायच्या लेथवर चाळीस वर्षं काढलेला, आता घरी बसलेला. उंच, कानाने थोडा कमी. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मशीनने खाल्लेलं. त्याला नातवंडांबरोबर वाफवाल्यांच्या जत्रेत जायचं होतं.

"दोन बोटं पितळेची करा," तो म्हणाला. "खरी दिसायला नकोत. चांगली मशीनची दिसू देत. मशीनने नेली, मशीननेच परत द्यावीत."

मला माणूस आवडला. मी म्हटलं, "हलायला हवीत का?"

"हलली तर नातवंडं घाबरतील."

"मग हलवूच."

त्याने कातडं स्वतःचं आणलं होतं. लेथवर काम करताना बांधायचा एप्रन, जाड, तेल पिऊन काळा झालेला, वर पितळेच्या किसाचे बारीक डाग. तसलं कातडं बाजारात मिळत नाही, त्याला माणसाची चाळीस वर्षं लागतात. मी कागद पसरला, त्याने डावा हात पालथा ठेवला, मी पेन्सिल फिरवली. हाताच्या पाठीवर बसेल असा पंजा, तिथून कोपरापर्यंत लांब, खालून पट्टे. पुढल्या रविवारी न्यायला येतो म्हणाला.

पितळेचं काम तीन दिवसांत झालं. पत्रा तापवून मऊ केला, बोटांची पेरं गोल वळवली, मध्ये बिजागऱ्या घातल्या, एका जुन्या घड्याळाची तीन चाकं मनगटावर बसवली. सगळं कागदाबरहुकूम, डाव्या हाताचं. मग कातड्याला हात घातला.

आता हे नीट वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे. पितळ आम्ही वरून आखतो. चामडं वरून आखत नाहीत, चकचकीत अंगावर पेन्सिलचा वळ राहतो. ते पालथं घालून मागच्या खरखरीत अंगावर आखायचं. मग कागदही पालथा घालायला हवा, नाहीतर कापून उलटवलं की डाव्याचा उजवा होतो. धाकटी कागद कधीच पालथा घालायची नाही. पहिल्या कामापासून. म्हणून मीच तिला कागद देताना खिडकीच्या काचेवर धरून उलट्या अंगाने गिरवून द्यायची. ती तो तसाच ठेवून कापायची आणि काम बरोबर यायचं. तेच ते, माझं जुळवून घेणं.

या वेळी कापणारी मीच होते. सवयीने कागद खिडकीवर धरला, उलटा गिरवला. मग बाकड्यावर बसले, आणि धाकटीसारखा वेंधळेपणा नको म्हणून मोठ्या शहाणपणाने तो पालथा घातला. दोनदा उलटं केलं की काय होतं ते पोरंही सांगतील. मला कळलं ते कापून, भिजवून, लाकडी मोगरीने ठोकून, दोन दिवस वाळल्यावर. पितळी बोटं लावायला घेतली तर त्यांच्या जागी अंगठा. पितळ डावं आणि कातडं उजवं.

उजव्या हातालाही चालवता येईना. त्याच्या उजव्या हाताला पाच बोटं आहेत, हे कातडं तिनाचं. जगात असा हात शोधायचा तर दुसऱ्या लेथवाल्याला अपघात व्हावा लागेल.

एप्रनचा उरला होता एक आखूड तुकडा, खिशाच्या टाक्यांची भोकं पडलेला. कोपरापर्यंतचा पंजा त्यात बसेना. मी तो आडवा ठेवला, तिरका ठेवला. शुक्रवारची दुपार होती. त्या माणसाने चाळीस वर्षं अंगावर बांधलेलं कातडं मी एका दुपारी घालवलं होतं, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं. दुसऱ्यावर ओरडता आलं की आपली चूक निम्मी होते. इथे ती अख्खीच्या अख्खी माझ्या पदरात.

मी फोन लावला.

"जाऊबाई?" धाकटी म्हणाली. "बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? कामाचं विचारायचं होतं." आणि सगळं सांगितलं. कागद, खिडकी, एप्रन, अंगठा. माझ्याच तोंडाने. ती मध्ये बोलली नाही. मला वाटलं हसतेय.

"मनगटापासून कोपरापर्यंत बरं आहे का?" तिने विचारलं.

"कातडं चांगलं आहे. बाजू चुकली."

"मग तेवढं तसंच ठेवा. तिथे डावं-उजवं नसतं. मनगटाशी सरळ कापा. उरलेल्या तुकड्यातून नुसता हात काढा. दोन्ही कडा उताराने तासून पातळ करा, एकावर एक चढवून शिवा. वर तुमची घड्याळाची चाकं येतील, जोड दिसायचा नाही."

इतकं सोपं. मी दोन तास डोकं फोडत होते.

"आणि टाक्यांची भोकं?" मी म्हटलं.

"बोटांच्या बुंध्याशी येऊ द्या. तिथे रिवेटच मारायचेत ना? आयती भोकं मिळाली."

मग ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही कागद खिडकीवर का उलटा करता?"

"का म्हणजे? तू पालथा घालत नाहीस म्हणून!"

"मी पालथा घालत नाही, कारण तुम्ही तो आधीच उलटा दिला होता."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. ते गॉगलचे कानपट्टे होते. एका कानाचा पट्टा खोलगट, म्हणून डावं-उजवं सांभाळायचं होतं, आठवतंय? मी कागद पाहिला, उलटा गिरवलेला. म्हटलं, यांची अशी पद्धत असेल. परत पालथा घातला असता तर बिघडलं असतं. म्हणून तसाच ठेवला. पुढेही तुम्ही तसाच देत गेलात."

मला आठवलं. खरंच आठवलं. ते कानपट्टे देताना माझ्या मनात आलं होतं, ही डावखुरी, ही उलटं करणार. म्हणून तिने काही करायच्या आधीच मी उलटा कागद दिला. तिचा हात पाहिला आणि चूक गृहीत धरली. आणि पुढे अकरा वर्षं मी ती चूक सुधारत बसले, जी तिने कधी केलीच नव्हती.

"मग तेव्हाच बोलायचंस," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत कधी?"

मी म्हटलं, "बाकडं रिकामं आहे."

याहून जास्त मला वाकता येत नाही. तिला ते समजतं.

"इथे मी खिडकीशी बसते," ती म्हणाली. "लेकीच्या शेजारणी पर्स शिवून मागतात. डाव्या हाताने रापी धरली तरी कुणी बघत नाही, जाऊबाई. मला ते बरं वाटतं."

"तिथे चामडं तरी चांगलं मिळतं का?"

"चांगलं नाही मिळत."

"मग?"

"मग काय. बसते."

"बरं," मी म्हटलं. "भट्टीवर पत्रा आहे." भट्टी तर सकाळपासून पेटवलीही नव्हती. मी फोन ठेवला.

काम तिने सांगितलं तसं केलं. माझी रापी बोथट, कडा तासताना दोनदा घसरली. तिसऱ्यांदा उतार आला. कातड्याचा हात कापायच्या आधी मी माझाच डावा हात कातड्याच्या मागच्या अंगावर पालथा ठेवून पाहिला, मग उताणा. कागद एकदाच उलटवला. रिवेट मारताना "आवाज होतोय" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रविवारी लेथवाला आला. पंजा चढवला, पट्टे मी आवळले. उरलेली तीन बोटं मिटली की आतली तार ओढली जाते आणि पितळेची दोन आपोआप मिटतात. त्याने मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. जोडावरून त्याने अंगठा फिरवला आणि त्याला जोड लागला नाही. लेथवर काम केलेल्या माणसाचा अंगठा हो, त्याला केसाएवढा फरक कळतो. मग तो त्या हाताने डोळे पुसायला गेला आणि पितळ नाकावर आपटलं.

"सांभाळा," मी म्हटलं, "नाक मी करत नाही."

तो हसत गेला. दाराशी जाऊन मी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मूठ करून दाखवत होता. धाकटी असती तर मी म्हटलं असतं, बघ तुझा जोड चालला. दारात उभं राहून कुणाला सांगणार? समोर बंद दुकानाचं शटर.

आत येऊन मी पुन्हा फोन लावला. या वेळी कामाचं काही नव्हतं, आणि तेच अवघड होतं. धाकटीच्या लेकीने उचलला.

"मोठी आई! आई आंघोळीला गेलीय. बोलावू का?"

"आंघोळीतून कशाला बोलावतेस? निरोप घे. लिहून घे."

"सांगा."

"लिही. पहिल्या दिवशी कागद उलटा दिला होता. धाकटीची चूक नव्हती."

"कसला कागद?"

"तिला कळेल. काय लिहिलंस, वाच."

"पहिल्या दिवशी कागद उलटा दिला गेला. धाकटीची चूक नव्हती."

"दिला गेला नाही," मी म्हटलं. "कागदाला पाय नसतात. मी दिला. खोड आणि लिही."

"हो. मी दिला."

"मीच."

"मीच दिला. आणखी काही, मोठी आई?"

आणखी पुष्कळ होतं. मी म्हटलं, "अक्षर नीट काढ."