खुराड्याबाहेरची कोंबडी

मी हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरची कोंबडी बोलतेय. आवाज थोडा घोगरा आहे, तेवढा सांभाळून घ्या. लहानपणी छातीचं दुखणं झालं, त्याची ती खूण. माणसं कोंबडीचं नाव काढतात ते बहुतेक वेळा रश्शाच्या गोष्टी निघाल्यावर. कोंबडीलाही काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनात येत नाही, म्हणून मीच सुरुवात करते.

आई मी पाहिली नाही. शहराबाहेरच्या एका हॅचरीत, लोखंडी कपाटाच्या उबेत माझं अंडं फुटलं. डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला माझ्यासारखीच पिवळी पिल्लं होती आणि सगळी मिळून इतका कलकलाट करत होती, की एकटं असणं म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. ते सुख फार टिकलं नाही. कुणीतरी आम्हाला रंगाच्या पाण्यात बुडवलं. कुणी हिरवं झालं, कुणी जांभळं, मी गुलाबी. मग ओल्या अंगानं टोपलीत दाटीवाटीनं बसून आम्ही सुलतान बाजारात विकायला आलो. माझ्या शेजारचं पिल्लू सारखं शिंकत होतं. आम्ही एकमेकांना चिकटून होतो, कारण उबेला दुसरं काही नव्हतंच.

पहिलीत शिकणाऱ्या ईशानं मला पाहिलं आणि भर रस्त्यात बसकण मारली. तिच्या वडिलांचं, हर्षवर्धनचं, तिथंच कापडाचं दुकान. गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणून त्यानं मला घेतलं. पहिले काही दिवस मी त्या घरातली राणी होते. पुढं गुलाबी रंग उतरला, खालून मळकट पांढरं पीस आलं आणि ईशानं नाक मुरडलं. "ये वो नै है," ती म्हणाली. पोरीवर मी रागावले नाही. पण त्या दिवसापासून तिची शाळेतून येण्याची वेळ झाली, की मी उगीच दाराकडे बघत बसायची.

सकाळी घर रिकामं व्हायचं. हर्षवर्धन दुकानात, त्याची बायको तेजश्री बँकेत, ईशा शाळेत. मागे उरायची मी आणि चतुराबाई, हर्षवर्धनची आई. तिचा नवरा केशवराव गेला, तेव्हा मुलानं तिला भालकीजवळच्या गावाहून इकडे आणली. इथं तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. फक्त तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. हे दुखणं भारी वाईट. मला ते कळायचं, कारण माझंही तेच होतं.

गावात ती बाळं न्हाऊ घालायची. निम्मं गाव तिच्या पायांवर न्हालेलं, असं ती मला सांगायची. तेल लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी द्यायची. ईशा झाली तेव्हा ती मोठ्या हौसेनं ती शेगडी घेऊन हैदराबादला आली होती. डॉक्टरांनी धुराला बंदी केली. तेजश्रीनं ते सासूला हळूच सांगितलं, पण सांगितलं. शेगडी माळ्यावर गेली आणि चतुराबाई परत गावाला.

माझ्यासाठी मात्र तिनं एक बेत ठरवला होता. गावी तिच्या जावेच्या परसात कोंबड्यांचं मोठं खुराडं होतं. "पंख फुटू दे हिला," ती येता-जाता म्हणायची, "मग हिला घेऊन गावाकडं जाते मी. एकटा जीव हाय, चार कोंबड्यांत रमंल." घरातले हसायचे. मला सोडायला गेलेली म्हातारी परत यायची नाही, हे सगळ्यांना कळत होतं, पण तसं कुणी बोलत नव्हतं. मी तर त्या खुराड्याची स्वप्नं बघू लागले होते.

आणि मी शिंकले.

एकदा, दोनदा, मग सारखीच. आम्हा कोंबड्यांची एक खोड सांगते. आम्ही दुखणं लपवतो. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचून जीव घेतात, म्हणून अंगात ताकद असेतो मान ताठ ठेवायची, हे आमच्या रक्तातच आहे. मला टोचायला तिथं होतं कोण? तरीही मी लपवलं. तेजश्री बँकेतून आली की मी उगीच चार दाणे टिपल्यासारखं करायची. ती म्हणायची, खातेय ना, मग ठीक आहे.

चतुराबाईला मात्र फसवता आलं नाही. तिनं मला उचललं, तान्ह्या बाळाला घेतात तसं आडवं धरलं आणि माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ ती हलली नाही. मग सुनेला म्हणाली, हिच्या छातीत घरघर लागलीय, दवाखान्यात न्यायला पाहिजे. दिवसभर आकड्यांशी झुंजून आलेल्या तेजश्रीनं, थंडीनं झालं असेल आई, दोन दिवस बघू, म्हणून विषय मिटवला.

मग चतुराबाईनं जे येत होतं ते केलं. सगळे बाहेर गेल्यावर माळ्यावरून शेगडी काढली. अफझलगंजहून आणवलेला ऊद निखाऱ्यांवर टाकला, ओवा टाकला आणि मला पदराखाली धरून धुरी दिली. काय सांगू, किती मायेनं दिली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. आणि त्या मायेनं माझा जीव गुदमरत होता. पाखराची छाती फार नाजूक असते, तिला धूर सोसत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तिनं धुरी दिली, जरा जास्तच.

मग लपवण्याची ताकद संपली. मी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागले. प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली व्हायचं. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आला, डोळ्याखाली सूज आली. दाण्याकडे मी पाहीनाशी झाले. ते बघून तेजश्रीनं रजा टाकली आणि सासू-सून मला खोक्यात घालून रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथं रांगेत गुबगुबीत कुत्री होती. कोंबडीला औषध करायला आणलंय म्हटल्यावर दोघेचौघे हसले. चतुराबाईनं खोक्यावर पदर ओढला.

डॉक्टरीणबाईंनी मला नळीनं तपासलं, चोच उघडून पाहिली, मग माझी पिसं हुंगली आणि विचारलं, धुराजवळ ठेवलं होतं का? तेजश्रीनं एकदा सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, मी रोज देवापुढे धूप लावते, त्याचा वास असेल. ती कधी धूप लावत नाही, हे मला माहीत आहे.

चतुराबाई म्हणाली, "खोटं कशाला बोलतीस माय. धुरी म्या दिली."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आजार धुरानं झालेला नाही, पण धुरानं वाढलाय, असं त्यांनी समजावलं. छातीतला आवाज आधी कुणी ऐकला, हेही विचारलं. उत्तर ऐकून म्हणाल्या, लवकर ओळखलं हे बरं झालं, तेव्हाच आणायला हवं होतं. तेजश्रीनं मान खाली घातली. औषध पाण्यातून द्यायचं, दुसरं पाणी ठेवायचं नाही. ऊब हवी, पण हवा कोंडायची नाही. बिछाना रोज बदलायचा, भुसा नको, त्याची धूळ उडते. मला हात लावला की साबणानं हात धुवायचे. बरं वाटलं तरी औषध मधेच सोडायचं नाही. आणि निघताना त्या म्हणाल्या, "अम्मा, ये अच्छी हो जाती. पर इसकू दुसरे मुर्ग्यों में नक्को छोड़ो, कब्बी नक्को. बीमारी अंदरीच रहती. इसकू कुछ नै होता, उनकू लग जाती."

माझ्यासाठी खुराड्याचं दार त्या एका वाक्यानं बंद झालं होतं.

चतुराबाईनं डोळ्यांत तेल घालून माझं केलं. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसले, बल्ब लावला, कागद बदलले. घरात उदबत्तीही लावू दिली नाही. देवाची क्षमा मागून म्हणाली, हिचा श्वास सुरळीत होऊ दे, मग तुझं बघते. माझा श्वास सुरळीत झाला. सूज उतरली, पंख फुटले. गावाचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही. जावेचा फोन यायचा, कधी येतीस म्हणून. ही म्हणायची, बघू. आणि बाल्कनीत येऊन माझ्याजवळ बसायची. तिचं घरी जाणं माझ्यापायी अडलं होतं. मला टोचून हाकलणारं कुणी असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटायचं.

एका रविवारी तेजश्री बाल्कनीत आली. म्हणाली, "आई, तुम्ही गावी जा. हिला मी बघते."

"तुला ऐकू येईल का गं हिच्या छातीतलं?"

"नाही येत. शिकवा मला."

त्या घरात चतुराबाईला कुणी पहिल्यांदाच काही शिकवायला सांगत होतं. मग तिनं मला सुनेच्या मांडीवर आडवं ठेवलं, तिचं डोकं हातानं वाकवलं, कान पिसांवर टेकवला. हा साधा श्वास, म्हणाली. असा असतो तोवर भ्यायचं नाही. मधे शिट्टीसारखा आवाज आला, ओलं काही हलल्यासारखं वाटलं, की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि स्वतःच हसून म्हणाली, शेगडी काढायची नाही. त्या दोघींचे चेहरे मी इतक्या जवळून पाहिले, की मला रडता येत असतं तर मी रडले असते.

चतुराबाई गेली. शेगडीही गावी गेली. आता मी अंडी देते, ईशा ती उत्साहानं उचलते आणि खेळायला पळते. बाल्कनीतून बसगाड्या ऐकू येतात, समोरच्या तारेवर पारवे बसतात, पण ते माझे कुणी नव्हेत. तुमच्याकडे असं एखादं पिल्लू असेल तर एवढंच मागते. ते खातंय यावर जाऊ नका, ते लपवत असेल. धुराचे उपाय करू नका, आणि औषधाला उद्या म्हणू नका.

संध्याकाळी गावाहून फोन येतो. तेजश्री आधी माझ्या छातीला कान लावते, मग तिथंच फोन टेकवते. पलीकडे चतुराबाई फोनचा आवाज मोठा करून नुसती ऐकते. आणि मीही ऐकते. तिच्यामागे परसात कोंबड्या खुराड्यात शिरत असतात. जागेसाठी भांडतात, कुणी कुणाला हाक मारतं. मी घोगऱ्या आवाजात ओ देते. तिकडे क्षणभर सगळ्या गप्प होतात. मग चतुराबाई म्हणते, बरी हाय गं, ठेव आता. आणि तेजश्री फोन ठेवते.