पणजोबांची सुरी

काकांकडे दोन गोष्टींचा साठा कधी संपत नसे: दुकानात चामडी पट्ट्यांचा आणि तोंडात पणजोबांचा. पणजोबांनी मोडक्या करवतीचं पातं घासून सुरी कशी बनवली, पणजी समोर कातडं ताणून कशी उभी राहायची, आणि जाताना ते "ही माणूस ओळखते" असं कसं म्हणाले, हे साधं बक्कल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकावं लागे.

घरचा नियम असा, की त्या सुरीनं एका ओढीत सरळ पट्टा कापेल त्याचं कापणीचं टेबल. बाकीच्यांनी शिवत बसायचं. आजोबांचा पट्टा वाकडा गेला, काकांचाही. सुरीला नावं ठेवायची छाती कुणाची? "आपलीच लायकी नाही," म्हणत दोघांनी बाजारातली सुरी आणली. टेबल मात्र दोघांनीही सोडलं नाही.

आता काकांचे डोळे थकले होते आणि पाळी त्यांच्या मुलाची, दादाची होती. त्यानं दम धरून सुरी ओढली. पट्टा निघाला तो गिरक्या घेतच.

"सापाच्या कमरेला बसेल," काकू म्हणाली.

"पुरे झाली परीक्षा," काका म्हणाले. "सुरी काचेच्या पेटीत, टेबल दादाचं."

"मी राहिलेय, काका."

बोलली ती पुतणी. लहानपणापासून शिवणीवर बसलेली. घरात तिला सगळे डावरी म्हणत. टेबलावर तिचा डोळा होता हे काका सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू? तुला अजून चमचा कुठल्या हातात धरायचा ते कळत नाही!"

"म्हणूनच म्हणतेय."

सुरीला तेल लावायचं काम तिचंच. मुठीवर अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा उजव्या हातात नुसता रिकामा राही. डाव्या हातात धरली की तिचा अंगठा तिथं माहेरी आल्यासारखा विसावे. पात्याचा उतारही एकाच अंगाला होता, आणि तोही उजव्या हाताला गैरसोयीच्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. न विचारलेली अक्कल या घरात कवडीमोल जाते, हे ती पुरतं ओळखून होती.

तिनं डाव्या हातानं सुरी टेकवली आणि ओढली. कातडं करकरलंसुद्धा नाही. काकूनं पट्टा टेबलाच्या कडेला लावून पाहिला. उजेडाची फटसुद्धा दिसेना.

दादानं सुरी हातात घेऊन खळगा चाचपला. "बाबा, ही डाव्या हाताची सुरी आहे."

"पण पणजोबा तर उजवे!"

"सासूबाई सांगायच्या," काकू म्हणाली, "त्यांच्या सासूबाई वाढायला लागल्या की ताटं उलटीकडून भरायची."

काकांनी दादाच्या हातातली सुरी घेतली, उजव्या हातात धरून पाहिली, मग डाव्या.

"मग पणजोबा करायचे काय?"

"कातडं ताणून उभे राहत असतील," डावरी म्हणाली आणि टेबलावरची दादाची मोजपट्टी आपल्या सोयीच्या बाजूला सरकवली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काकांनी घसा खाकरला.

"ही आमच्या पणजीची सुरी. माणूस ओळखते. मी तर पहिल्यापासून सांगत आलोय!"

डावरीनं पुढचं कातडं पसरलं. "दादा, जरा ताणून धर बरं."